दुपारचा टाका

१२ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ऐकू येत नाही हे तू कबूलही करत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. तुझी मशीन धड पोचली. पुढच्या खोलीत खिडकीपाशी ठेवलीय. सासूबाईंनी चष्मा सारखा करून तिच्याकडे एकदा पाहिलं, "आता दिवसभर डोक्याशी खडखड" एवढं म्हणाल्या आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. हे मात्र म्हणाले, हौस आहे तर बघ करून.

आता हौसेचं ऐक. ताडपत्रीवाल्याकडून जाड कापड आणलं, मापं काढली आणि रोज सकाळी बसून पिशव्या शिवल्या. दुपारी डोळ्यांच्या दवाखान्यात माझी नोकरी असतेच, त्यामुळे सकाळ तेवढीच माझी. कोपऱ्यावरच्या पुस्तकवाल्यानं पिशव्या दुकानात ठेवल्या आणि पटापट विकल्याही. मी घरात राणीसारखी वावरत होते.

मग त्या एकेक परत यायला लागल्या. एका बाईंची पिशवी भर रस्त्यात उसवली आणि तिच्यातली पुस्तकं गटाराच्या काठापर्यंत गेली. गंमत म्हणजे सगळ्याच उसवल्या नाहीत. काही ठणठणीत आहेत, काही दोन पुस्तकांतच गळपटल्या. टाका फारच वाईट दिसला तर मी स्क्रू अंदाजानं पिळते एवढंच, बाकी हात तोच, दोरा तोच, कापडही त्याच गठ्ठ्यातलं. उसवलेल्या पिशव्यांवर खालच्या बाजूनं दोरा सैल लोंबतोय, बोट घालून ओढला तर सरळ निघून येतो.

पुस्तकवाला माणूस भला आहे म्हणून आणखी एकदा संधी देतोय. मार्चच्या सुरुवातीला तो मोठ्या दुकानात जातोय, तिथे ठेवायला त्याला पिशव्या हव्यात. या वेळी एकही उसवली तर तो कारखान्याकडून घेणार. तसं झालं तर मी मशीन तुझ्याकडे परत पाठवीन आणि पुन्हा सुईला हात लावणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. दवाखान्यात नावं पुकारण्यापलीकडे मला काही येतं, असं मला पहिल्यांदाच वाटलं होतं गं. ते जाऊ नये एवढंच.

तुझी,
भिंगरी


१८ जानेवारी

भिंगरे,

तुझं पत्र मिळालं. निम्मं पत्र राणी आणि गटार यांत गेलंय, मशीनबद्दल चार ओळी आहेत. असो. तुला लहानपणापासून वाढवलंय, तेव्हा मला त्याची सवय आहे.

आधी सुई बदल. जाड कापडाला जाड सुई लागते, माझी आत असलेली सुई बारीक कापडाची आहे. बॉबीनखालचा कचरा जुन्या ब्रशनं काढ. तेल घाल, पण तेलात न्हाऊ घालू नको. वरचा दोरा ओवताना कापड दाबणारा पाय वर उचललेला ठेव, नाहीतर दोरा चकत्यांमध्ये नीट बसत नाही आणि ताण लागत नाही. ताणाचा स्क्रू जाड कापडासाठी थोडा आवळावा लागतो. एवढं सगळं तुला शिकवलं होतं. तेव्हा तू खिडकीतून बाहेर बघत होतीस.

हे करूनही नाही जमलं तर मला वर्णन लिहीत बसू नको. चिंधी पाठव. सकाळी मशीनवर बसल्याबसल्या, कशालाही हात न लावता, एका चिंधीवर सरळ रेघ शिव. उठायच्या आधी दुसरीवर शिव. दोन्हींवर पेन्सिलीनं लिहून पाकिटात घाल. तुझ्या अक्षरापेक्षा तुझा टाका मला लवकर वाचता येतो.

आणि मशीन परत पाठवायची भाषा मला ऐकवू नको. गाडीभाडं तू देणार आहेस का?

आत्या


२५ जानेवारी

प्रिय आत्या,

सगळं केलं. सुई बदलली, कचरा काढला (त्यात तुझी एक हरवलेली टाचणी निघाली), तेल घातलं, पाय वर उचलून दोरा ओवला. स्क्रू आवळला तेव्हा टाका इतका सुरेख बसला की मी उठून यांना दाखवायला गेले. ते दाढी करत होते, आरशातूनच "छान" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसले तर पुन्हा तेच रडगाणं. खाली सैल दोरा. पुन्हा सगळी खटपट, पुन्हा सूर लागतो आणि तोवर दवाखान्याची वेळ होते. रोज असंच चाललंय. सकाळ सगळी मशीनची मनधरणी करण्यात जाते आणि पिशवी एखादीच होते.

मशीनवाल्याला बोलावलं. तो नेमका मी सगळं जागेवर आणल्यावर आला. त्यानं झाकण उघडलं, आत फुंकर मारली, कापडाचा तुकडा शिवून बघितला आणि मला म्हणाला, "बाई, मशीन ठणठणीत आहे. तुम्हीच जरा विश्रांती घ्या." चहा पिऊन, पैसे घेऊन गेला. डॉक्टरला बघून ताप पळतो ना, तसं झालं.

यांचं म्हणणं, रात्रीच्या थंडीनं लोखंड आखडत असेल. म्हणून मी परवा रात्री मशीनवर गोधडी घातली. हसू नको. सासूबाईंनी ती गोधडी बघितली आणि माझ्याकडे बघितलं. त्या हल्ली माझ्याशी कमीच बोलतात. उसवलेल्या पिशव्यांचा ढीग कोपऱ्यात होता, तो मात्र कुठे गेला कळत नाही. बहुतेक त्यांनी भंगारवाल्याला दिला. बरं झालं, मला तो बघवत नव्हता.

दोन चिंध्या सोबत आहेत.

भिंगरी


१ फेब्रुवारी

भिंगरे,

गोधडीवर मी पोट धरून हसले. शेजारीण बघायला आली काय झालं म्हणून.

आता नीट ऐक. मी चिंध्या उजेडात धरून पाहिल्या. तुझी उठतानाची चिंधी चांगली आहे, जाड कापडाला शोभेल असा टाका आहे. सकाळची चिंधी बिघडलेल्या मशीनची नाहीच. मशीन बिघडली की टाका मध्येच सुटतो, मध्येच गुंता होतो, एकसारखा राहत नाही. हा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा आहे. ताण सैल केलाय आणि टाकाही बारीक केलाय. टाका लहान-मोठा करायची पट्टी आपणहून खाली सरकत नाही, थंडी असो की ऊन.

म्हणजे तू उठल्यावर कोणीतरी मशीन पातळ कापडासाठी लावून ठेवतंय. आणि जो कोणी लावतोय त्याला शिवता येतं. तुझ्यापेक्षा बरं येतं, हेही सांगते, राग येऊ दे.

स्क्रूवर आणि त्याच्या शेजारी नेलपॉलिशचा एकेक ठिपका दे, एकमेकांसमोर. दवाखान्यातून आल्यावर ठिपके समोरासमोर आहेत का बघ. नसतील तर दुपारी घरी कोण असतं ते तुला माहीत आहे. जाऊन विचार. भांडू नको, विचार. ज्याला इतका बारीक टाका घालता येतो, तो माणूस काही वाईट करायला बसलेला नसतो.

आत्या


७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझ्या पत्रातलं "कोणीतरी लावून ठेवतंय" वाचलं आणि मी तिथेच उठले. पुढचं नंतर वाचलं. ठिपके दिले. दवाखान्यातून आले, तर स्क्रूवरचा ठिपका फिरून पार खाली गेलेला. घरात दुपारभर सासूबाईंशिवाय कोणी नव्हतं.

तू म्हणतेस विचार. काय विचारू? पहिल्या दिवसापासून त्यांना ही मशीन डोळ्यासमोर नको होती. समोरासमोर नाही म्हणता आलं नाही, म्हणून हा मार्ग. मी तिकडे गटारातली पुस्तकं ऐकून घेत होते आणि या इकडे शांतपणे माझा स्क्रू सैल करत होत्या. मी यांना सांगितलं, तर हे म्हणाले, आई असं करणार नाही. ते तर म्हणणारच.

मी भांडले नाही. तुझी आज्ञा निम्मी पाळली. मशीनचं लाकडी झाकण लावलं, त्याच्या कडीला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी कुलूप बघितलं, पाण्याचा पेला खाली ठेवला आणि आत गेल्या.

आणि आत्या, मशीन सुतासारखी सरळ झाली. सकाळी झाकण उघडते तर ठिपका ठिपक्यासमोर, पहिल्या टाक्यापासून शिवण पक्की. पिशवीत विटा घालून दाराच्या कडीला टांगून बघितली, हलली नाही. रोज गठ्ठा वाढतोय. हे माझं विजयाचं पत्र समज.

सासूबाई हल्ली आमच्या आधीच जेवून घेतात. घेऊ देत.

भिंगरी


९ फेब्रुवारी

सौ. विहीणबाईंस,

सप्रेम नमस्कार. आपला पत्ता मुलाकडून घेतला. त्याला कारण सांगितलेलं नाही. आपण लग्नात चारचौघांत माझी बाही उसवलीय म्हणून टाचणी लावली होती, तेव्हापासून आपल्याला पत्र लिहायचा योग आला नाही.

आपल्या भाचीनं मशीनला कुलूप घातलंय. माझं काम अडलं आहे.

आपल्याला म्हणून सांगते, तिला कळवू नये. मशीन आली तेव्हा मी खडखडीबद्दल बोलले होते. बोललेला शब्द मागे घ्यायची मला सवय नाही. पण ती दवाखान्यात गेली की मी मशीनवर बसत होते. माहेरी मी सगळ्या घराचं शिवत असे. इकडे आल्यावर मशीन नव्हती आणि मागितलीही नाही. पहिल्या दिवशी उशीचा अभ्रा शिवला. मशीन चांगली आहे, हे आपल्याला लिहिणं मला जड जात आहे.

मग तिच्या पिशव्या परत आल्या. मी एक उलटी करून पाहिली. शिवण सुटलेली, आत नुसत्या दशा; दशांमुळेच सुटली असेल असं वाटलं. म्हटलं, असलं कोण घेणार. तिला काही बोलले नाही. पिशव्यांचा ढीग माझ्या ट्रंकेत ठेवला आणि जुन्या पडद्यांचं, चादरींचं चांगलं कापड काढून प्रत्येकीला अस्तर शिवायला घेतलं. आत एक खिसा, सुट्ट्या पैशांसाठी. सगळी झाली की एकदम तिच्यासमोर ठेवणार होते.

एक गोष्ट मात्र आपल्याला सांगायलाच हवी. आपल्या भाचीला ताणातलं काही कळत नाही. रोज दुपारी बघते तर स्क्रू घट्ट आवळलेला, टाका एवढा मोठा. मी रोज सगळं नीट करून ठेवत असे, की सकाळी बिचारीला त्रास नको. तरी रोज पुन्हा तेच. आपण शिकवलं असेल असं वाटत नाही.

आता कुलूप. माझ्याच घरात, माझ्यासमोर. मी कोणाला काही म्हणणार नाही. पण अस्तरं अर्धी राहिली आहेत.

आपली,
विहीण


१५ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

टाचणीबद्दल आता काय बोलायचं. बाही उसवलेली होती. पण मी तुम्हाला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, ते चुकलंच.

तुमचा टाका मी पाहिला आहे. भिंगरीनं सकाळची म्हणून एक चिंधी पाठवली होती. शिवली तिनं, पण मशीन लावलेली तुमची होती. इतकी नीट लावलेली मशीन मी फार दिवसांत पाहिली नाही. अस्तराला, अभ्र्याला तसंच हवं.

जाड कापडाला ते चालत नाही. तिथे स्क्रू आवळावाच लागतो, नाहीतर शिवण ओढल्यावर उघडते. तुम्ही रोज तिच्यासाठी नीट करून ठेवत होता, आणि ती रोज सकाळी तुम्ही केलेलं पुन्हा नीट करत होती. काही सकाळी तिच्या लक्षात आलं, काही सकाळी नाही. ज्या सकाळी नाही आलं, त्या पिशव्या उसवल्या.

हे वाचून वाईट वाटेल, म्हणून दोनदा विचार करून लिहिलं. पण तुम्हाला न सांगणं म्हणजे पुन्हा चारचौघांत टाचणी लावल्यासारखंच झालं असतं. तुमचं गुपित मी तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते तुम्हीच सांगा. स्क्रूवर लाल ठिपका आहे, शिवून झालं की त्याच्या जागी आणून ठेवा.

विहीण


१५ फेब्रुवारी

भिंगरे,

विजयाचं पत्र मिळालं. विजय अजून व्हायचाय.

कुलूप काढ. किल्ली सासूबाईंच्या हातात दे. कारण विचारू नको, मी कोणाला तरी शब्द दिलाय. दवाखान्यात जाताना दे आणि दुपारभर निर्धास्त नोकरी कर. पिशव्यांचं काही बिघडलं तर पुस्तकवाल्याच्या दुकानात मी स्वतः येऊन उभी राहीन, माझ्या बहिऱ्या कानांसकट.

मी आजवर तुला मशीनबद्दल चुकीचं काही सांगितलं आहे का?

आत्या


६ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी तुझ्यावर इतकी चिडले की दोन दिवस ते डब्याखाली दाबून ठेवलं. नव्या दुकानाचा दिवस जवळ आलेला, पिशव्या पुऱ्या व्हायच्या, आणि तू म्हणतेस किल्ली दे. यांना विचारलं, तर हे म्हणाले, "आत्यांचं ऐकायचं की नाही, हे मी कोण सांगणार." असा नवरा संकटात फार उपयोगी पडतो.

शेवटी दिली. चपला घालून, पर्स खांद्याला लावून, एकदम त्यांच्यासमोर हात केला. त्या म्हणाल्या, "मला कशाला?" मी म्हटलं, "दुपारी लागेल तुम्हाला." त्यांनी किल्ली घेतली, पण माझ्याकडे बघितलं नाही. दुपारभर दवाखान्यात मी लोकांची नावं चुकीची पुकारली.

घरी आले आणि चपलाही न काढता मशीनपाशी गेले. ठिपका ठिपक्यासमोर होता. पट्टी जागेवर होती. मशीनशेजारी टेबलावर माझ्या उसवलेल्या पिशव्यांची चळत होती, ज्या मी भंगारात गेल्या समजत होते. बऱ्याचजणींच्या आत अस्तर आणि अस्तराला खिसा, उरलेल्यांची अस्तरं नुसती टाचलेली. पडद्याची फुलं, चादरीच्या रेघा, आणि टाका असा बारीक की मोजायला भिंग लागेल. मी एक उलटी करून हातात धरून उभी राहिले.

सासूबाई दारात आल्या. त्यांच्या हातात तू त्यांना लिहिलेलं पत्र होतं. यांच्याकडून नंतर कळलं की ते त्यांनी आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं आणि त्या दिवशी चहा घेतला नाही. त्या म्हणाल्या, "त्या बाईंची पुस्तकं माझ्यामुळे पडली. मला वाटत होतं मी तुझं नीट करतेय."

मी म्हटलं, "मलाही वाटत होतं तुम्ही माझं बिघडवताय."

"कुलूप घातलंस ते मला लागलं."

मी माफ करा म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. त्या म्हणाल्या, माफीचं राहू दे, तुझ्या बाहेरच्या शिवणी पुन्हा घाल, अस्तर लावून झालेल्यांच्याही, माझा त्यांच्यावर भरवसा नाही. तेव्हा मला पहिल्यांदा हसू आलं.

तेव्हापासून सकाळ माझी आणि दुपार त्यांची. स्क्रूच्या शेजारी आता दोन ठिपके आहेत. माझा लाल. त्यांना लाल चालला नाही, माझ्या सगळ्या बाटल्या उघडून त्यांनी जांभळा निवडला. मी आधी कापते, त्या मागून माझी मापं तपासतात आणि नाक मुरडतात. मी पुन्हा मापून बघते, कारण दोनदा त्यांचं बरोबर निघालं. रात्री आता आम्ही एकत्रच जेवतो, आणि जेवताना हे म्हणतात की या घरात पिशवीशिवाय दुसरा विषय उरला नाही.

काल दुकानात गेलो. सासूबाई म्हणाल्या, मला चष्म्याची दांडी दुरुस्त करायचीय, त्याच रस्त्याला आहे, म्हणून येते. चष्मेवाला उलट्या दिशेला आहे. पिशव्यांचे दोन गठ्ठे आम्ही एकेक उचलले.

नव्या दुकानाला अजून रंगाचा वास होता, फळ्या अर्ध्या भरलेल्या. पुस्तकवाल्यानं नमस्कार केला, पण हसला नाही. एक पिशवी घेतली आणि तिच्यात फळीवरचे जाडजूड शब्दकोश एकामागून एक भरायला लागला. वर एक नकाशांचं पुस्तक ठेवलं. पिशवी शिडीच्या खुंटीला अडकवली आणि दोन्ही हातांनी खाली ओढली. शिडी करकरली, पिशवी नाही. त्यानं बंद ओढले, तळ चाचपला, शिवणीत नख घालून पाहिलं. मग पुस्तकं काढली आणि पिशवी उलटी केली.

तिथे तो थांबला. अस्तरावर हात फिरवला, खिशात बोटं घातली. दुसरी पिशवी उलटी केली, मग तिसरी. दुकानात आलेली एक बाई पुढे झाली आणि विचारू लागली, ही फुलाफुलांची कितीला? तो तिला थांबा म्हणाला आणि विचारलं, "हे शिवलंय कोणी?"

मी तोंड उघडणार, इतक्यात सासूबाई माझ्या पुढे झाल्या. त्यानं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अदबीनं म्हणाला, "आपण यांच्या सासूबाई का?"

"ते घरी," त्या म्हणाल्या. "इथे ही बाहेरचं शिवते आणि मी आतलं शिवते. दर महिन्याला किती हव्यात ते बोला."

आत्या, तो बोलला. सगळ्या ठेवून घेतल्या, दर्शनी काचेत मांडतो म्हणाला, आणि दर महिन्याला हव्यात म्हणाला. कारखान्याचं नाव पुन्हा काढलं नाही. व्यवहार सगळा सासूबाईंनी केला.

येताना आमच्याकडे उचलायला काही उरलं नव्हतं. मी पर्स छातीशी धरून चालत होते, आणि त्या रस्ताभर दोन्ही हात मोकळे हलवत माझ्या पुढे चालत होत्या.

तुझी,
भिंगरी